द्रवधातूंतील उष्णतासंक्रमण

वितळलेला धातू नळीतून किंवा तापलेल्या सळयांच्या जुडग्यामधून वाहत असताना भिंत आणि धातू यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण कशी होते, याचा अभ्यास या विषयात होतो. सोडियम, सोडियम-पोटॅशियमचा मिश्रधातू, शिसे, शिसे-बिस्मथ, पारा, लिथियम आणि गॅलियम हे यातले नेहमीचे धातू. शीघ्र प्रजनक, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनांवर चालून जळते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या अणुभट्ट्यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्याला या अभ्यासाने जोर धरला. भारतात त्याचे मुख्य केंद्र तमिळनाडूतील कल्पाक्कम हे आहे.

पाणी, हवा, तेल यांच्यासाठी बसवलेली सूत्रे द्रवधातूंना लागू पडत नाहीत. पातेल्यातले दूध न ढवळता तापवले की तळाला लागते, कारण तळालगतचा थर हलत नाही आणि त्याच्यातून उष्णता पटकन पुढे सरकत नाही. पाण्याच्या नळीतही सगळा अडसर भिंतीलगतच्या अशाच पातळ थरात असतो. आतल्या भागात भोवरे उष्णता चटकन पसरवतात. द्रवधातूत हा अडसर जवळपास नसतोच. उष्णता धातूतील मोकळ्या इलेक्ट्रॉनांमार्फत जाते. ४५० अंश सेल्सियसला सोडियमची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विन ६८ वॅटच्या आसपास असते, तर साध्या पाण्याची ०.६. म्हणजे शंभरपटीहून जास्त फरक. श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, मात्र पाण्यासारखीच, किंबहुना थोडी कमी.

श्यानतेमुळे गती जितक्या सहजपणे पसरते त्या मानाने उष्णता किती सहज पसरते, हे प्रांटल अंक सांगतो. हवेचा प्रांटल अंक ०.७, २० अंशांच्या पाण्याचा ७, वंगणाच्या तेलांचा शेकड्यांत. पाऱ्याचा आणि शिशाचा ०.०२ च्या आसपास आणि तापलेल्या सोडियमचा ०.००५. अंक इतका खाली गेला की भिंतीलगत जिथे तापमान बदलते तो उष्णतेचा सीमास्तर, जिथे वेग बदलतो त्या गतीच्या सीमास्तरापेक्षा कितीतरी जाड होतो. भोवऱ्यांनी काम सुरू करण्याआधीच निव्वळ वहनाने, म्हणजे द्रव न ढवळता, उष्णता नळीच्या मध्यापर्यंत पोचलेली असते.

पहिले भक्कम सैद्धांतिक काम आर. सी. मार्टिनेली यांचे, १९४७ मधले. त्याचा आधार घेऊन रिचर्ड लायन यांनी १९५१ मध्ये एक सुटसुटीत सूत्र मांडले. भिंतीवरून सर्वत्र सारखी उष्णता येत असेल, तर नुसेल्ट अंक (भिंत आणि द्रव यांच्यातली उष्णतेची देवाणघेवाण स्थिर द्रवातल्या वहनाच्या किती पट आहे ते सांगणारा अंक) म्हणजे ७ अधिक ०.०२५ गुणिले पेक्ले अंकाचा ०.८ वा घात. पेक्ले अंक म्हणजे रेनल्ड्स आणि प्रांटल या दोन अंकांचा गुणाकार; प्रवाहात किती खळबळ आहे ते रेनल्ड्स अंकावरून कळते. भिंतीचे तापमान सगळीकडे सारखे असेल तर ७ च्या जागी ५ घ्यावेत, असे सेबन आणि शिमाझाकी यांनी त्याच वर्षी दाखवले. या श्रेयाची वाटणी कोणी कशी केली हे पुस्तकागणिक बदलते. कुठे हे लायनचे सूत्र असते, कुठे लायन-मार्टिनेली. दुसरा पर्याय जास्त न्याय्य म्हणावा लागेल.

सूत्रातला तो ७ नीट पाहण्याजोगा आहे. नळीतला प्रवाह शांत, स्तरीय असेल तर याच परिस्थितीत नुसेल्ट अंक ४.३६ येतो. सगळा द्रव एकाच वेगाने, घन दांड्यासारखा पुढे सरकत असेल तर ८ येतो. संक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांनी ढवळलेल्या प्रवाहात नळीभर वेग बऱ्यापैकी सारखा असतो, म्हणून उत्तर ८ च्या जरा खाली, ७ वर येऊन थांबते. तेव्हा हा ७ म्हणजे निव्वळ वहनाचा वाटा आणि दुसरे पद भोवऱ्यांचा.

प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून ४५० अंशांचा सोडियम सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असेल, तर पेक्ले अंक २,००० च्या जवळ येतो आणि नुसेल्ट अंक १८ च्या. त्यातले ७ वहनाचे, म्हणजे चाळीस टक्के. वेग दहापट कमी केला तर नुसेल्ट अंक ८.७ वर येतो आणि त्यातला ऐंशी टक्के वाटा वहनाचा ठरतो. गंमत म्हणजे या कमी वेगालाही रेनल्ड्स अंक ४०,००० च्या वर असतो, प्रवाह पुरता संक्षुब्ध असतो. पण उष्णतेला त्या खळबळीचे फारसे सोयरसुतक नसते. पाण्यासाठीचे डिटस-बोल्टर सूत्र पहिल्या उदाहरणात तसेच वापरले तर १८ ऐवजी ८५ असे उत्तर मिळेल. त्यावर विसंबून बांधलेला उष्णता विनिमयक चांगलाच तोकडा पडेल.

कागदावर इतके साफ दिसणारे हे प्रकरण प्रयोगशाळेत मात्र बरेच रखडले. लुबार्स्की आणि कॉफमन यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेतील तोवरच्या मोजमापांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक आकडे सिद्धांताच्या खाली निघाले. त्यांनी बसवलेले सूत्र ०.६२५ गुणिले पेक्ले अंकाचा ०.४ वा घात असे आहे. पेक्ले अंक २०० असताना ते ५.२ देते, म्हणजे सिद्धांतात एकट्या वहनाचा जो वाटा आहे त्याहूनही कमी. यावर पुढे बरीच वर्षे वाद झाला. धातू भिंतीला नीट ओलावत नाही, म्हणजे तिला चिकटून पसरत नाही, असे काहींचे म्हणणे. धातूत मिसळलेले वायूचे बुडबुडे, ऑक्साइडचा साका, नळीच्या लांबीच्या दिशेने होणारे वहन, मंद प्रवाहात आपोआप उठणारे नैसर्गिक अभिसरण अशीही कारणे पुढे आली. मोजण्यातली अडचण तर मूलभूतच होती. द्रवधातू आणि भिंत यांच्या तापमानातला फरक इतका लहान असतो की तापमान मोजणारे तापयुग्म एखाद्या अंशाने चुकले तरी निष्कर्ष कोलमडतो. धातू जसजसा शुद्ध होत गेला आणि उपकरणे सुधारली, तसतसे आकडे सिद्धांताच्या जवळ सरकले. जुन्या विस्कळीत आकड्यांचे सगळे खापर ‘न ओलावण्या’वर फोडायची प्रथा पडली होती, ती फारशी टिकण्यासारखी नव्हती.

धातूची निवड करताना उष्णतेखेरीज बरेच काही पाहावे लागते. सोडियम ९८ अंशांना वितळतो आणि ८८३ अंशांना उकळतो. त्यामुळे तो साध्या वातावरणीय दाबातही खूप तापवता येतो, जाड दाबपात्र लागत नाही. त्याची घनता पाण्याहून कमी आणि पोलादाशी वागणूक सौम्य. पण हवेत तो पेटतो, आणि पाण्याशी संबंध आला की हायड्रोजन सोडतो. म्हणून भट्टीतला सोडियम आणि वाफेचे पाणी यांच्या मध्ये सोडियमचेच दुसरे मंडल ठेवतात आणि मोकळ्या पृष्ठभागावर आर्गॉन वायू. बंद पडलेल्या यंत्रणेत तो गोठू नये म्हणून नळ्यांभोवती विजेवर तापणाऱ्या तारा असतात. आणखी एक तोटा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. घनफळाच्या हिशेबाने सोडियम पाण्याच्या जेमतेम चौथाई उष्णता पोटात घेतो. भिंतीकडून तो उष्णता पटकन उचलतो खरा, पण ती वाहून न्यायला प्रवाह मोठा लागतो.

शिसे आणि शिसे-बिस्मथ पेटत नाहीत; शिसे-बिस्मथ १२५ अंशांनाच वितळते. मात्र दोन्ही पोलाद खातात, त्यामुळे त्यांच्यातला ऑक्सिजन काटेकोर सांभाळावा लागतो. कमी झाला तर पोलादावरचा संरक्षक थर जातो, जास्त झाला तर ऑक्साइडचा गाळ साचतो. सोव्हिएत पाणबुडी के-२७ वर १९६८ मध्ये अशा गाळाने भट्टीतला प्रवाह अडला, इंधन वितळले आणि नऊ खलाशांचा जीव गेला. शिवाय बिस्मथवर न्यूट्रॉन आदळून किरणोत्सारी पोलोनियम तयार होते.

द्रवधातूने थंड होणारी पहिली भट्टी अमेरिकेतील लॉस अलामॉसची ‘क्लेमेंटाइन’, १९४६ सालची. तिच्यात पारा होता. अमेरिकेतल्याच आयडाहोच्या ईबीआर-१ या प्रायोगिक प्रजनक भट्टीत सोडियम-पोटॅशियम होते. २० डिसेंबर १९५१ रोजी तिच्या विजेवर चार दिवे लागले. भारतात कल्पाक्कमची शीघ्र प्रजनक चाचणी अणुभट्टी फ्रान्सच्या ‘रॅप्सोडी’च्या धर्तीवर बांधली गेली आणि १८ ऑक्टोबर १९८५ रोजी क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली साखळी विक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. त्याच आवारातली ५०० मेगावॅटची आदिरूप शीघ्र प्रजनक अणुभट्टी आकाराने कितीतरी मोठी आहे. तिच्या रचनेनुसार सोडियम गाभ्यात ३९७ अंशांना शिरतो आणि ५४७ अंशांना बाहेर पडतो. गाभ्यात निर्माण होणारी १,२५० मेगावॅट उष्णता या दीडशे अंशांच्या फरकात उचलायची, तर सेकंदाला सुमारे साडेसहा टन सोडियम वाहता ठेवावा लागतो. इंधनाच्या एका जुडग्यात ६.६ मिलिमीटर जाडीच्या २१७ सळया असतात. प्रत्येक सळीभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तिच्यामुळे सळया एकमेकींना चिकटत नाहीत आणि मधला सोडियमही फिरता राहतो. अशा चिंचोळ्या वाटांना नळीचे सूत्र तसेच लागू पडत नाही. सळयांमधले अंतर धरून बसवलेली वेगळी सूत्रे वापरावी लागतात.

उष्णता पटकन देण्याघेण्याचा सोडियमचा गुण अंगाशीही येतो. गरम आणि थंड सोडियमचे प्रवाह जिथे मिळतात तिथे तापमान सारखे वरखाली होत राहते. पाण्यात भिंतीलगतचा थर हे चढउतार पुष्कळसे शोषून घेतो. सोडियममध्ये ते जसेच्या तसे पोलादापर्यंत पोचतात आणि कालांतराने त्याला तडे जातात. जपानच्या ‘मोन्जू’ भट्टीत ८ डिसेंबर १९९५ रोजी झालेल्या गळतीचे कारण मात्र वेगळे होते. दुय्यम मंडलातल्या तापमापकाची कवचनळी प्रवाहामुळे थरथरून मोडली आणि शेकडो किलो सोडियम बाहेर येऊन पेटला.

दुसरीकडे, पंप बंद पडले तरी द्रवधातू साथ देतो. तापलेला हलका सोडियम वर चढतो, गार झालेला खाली येतो आणि शिल्लक उष्णता हवेकडे सोपवली जाते. आयडाहोच्या ईबीआर-२ मध्ये एप्रिल १९८६ मध्ये भट्टी पूर्ण शक्तीवर असताना मुद्दाम पंप थांबवले आणि आपोआप बंद होण्याची यंत्रणाही रोखून धरली. तापमान काही वेळ चढले, त्याबरोबर अणुविक्रिया आपसूक मंदावली आणि इंधनाला धक्का लागला नाही. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आखलेल्या छोट्या उच्चतापमान अणुभट्टीतही शिसे-बिस्मथ पंपाविना, निव्वळ नैसर्गिक अभिसरणाने फिरवण्याची योजना आहे.

पंपांचीही एक वेगळीच तऱ्हा आहे. द्रवधातू विद्युतवाहक असल्यामुळे चुंबकीय क्षेत्राने तो ढकलता येतो. पंपात एकही हलणारा भाग लागत नाही. १९२० च्या दशकात आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांनी घरगुती फ्रीजसाठी असा पंप शोधला. तो फ्रीज बाजारात आलाच नाही, पण त्याच तत्त्वावरचे पंप पुढे सोडियमच्या मंडलांत बसले.

अणुभट्ट्यांबाहेर मोटारीच्या आणि विमानांच्या इंजिनांतील सोडियम भरलेले झडपदांडे, सोडियमच्या उष्णता-नळ्या आणि संगणकाच्या चिपवर लावायचे गॅलियमचे लेप ही या विषयाची नेहमीची उदाहरणे होत. नवे आणि अवघड क्षेत्र संमीलन भट्टीचे, म्हणजे हलकी अणुकेंद्रे जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या भट्टीचे आहे. तिथे शिसे-लिथियम तीव्र चुंबकीय क्षेत्रातून वाहवावे लागते. क्षेत्रामुळे भोवरे दबतात आणि प्रवाहाला जबर विरोध होतो. भोवरे दबल्याने वहनाला काही बाधा येत नाही. खरी डोकेदुखी वाढलेल्या दाबाची आहे, म्हणून नळ्यांना आतून विद्युतरोधक अस्तर देण्यावर सध्या बरेच काम चालू आहे.