‘डॉट इन’ आणि ‘डॉट भारत’: नाव निवडण्यापूर्वी ग्राहकांसाठी माहिती

सन्माननीय ग्राहक,

संकेतस्थळ करून घेण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘डॉट कॉम घ्यावे की डॉट इन?’ हाच असतो आणि त्याचा निर्णय सहसा दरपत्रक पाहून होतो. दोन्ही नावांमागे उभी असलेली व्यवस्था मात्र वेगळी आहे. तीही पाहून निवड व्हावी, यासाठी हे पत्रक काढले आहे.

‘डॉट इन’ हा इंटरनेटवरील भारताचा देशसंकेत होय. असे दोन अक्षरी संकेत आयएसओ ३१६६ या आंतरराष्ट्रीय यादीतून घेतले जातात. कारण कोणत्या भूभागाला देश म्हणावे, या वादात इंटरनेटच्या व्यवस्थापकांना पडायचे नव्हते. भारताचा संकेत १९८९ मध्ये सुरू झाला आणि पुढे अनेक वर्षे त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होता. त्या काळचे नियम एवढे कडक होते, की २००४ पर्यंत सुमारे ७,००० नावांचीच नोंद झाली. २००५ च्या आरंभी नियम सैल झाले, कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेकडे आला आणि थेट ‘डॉट इन’ नाव कोणालाही घेता येऊ लागले.

यातील ‘कोणालाही’ हा शब्द अक्षरशः घ्यावा. नोंदणी करणारा भारतीयच असावा, अशी अट नाही; त्यामुळे पत्त्याच्या शेवटी ‘डॉट इन’ दिसले, एवढ्यावरून समोरचा विक्रेता भारतातला किंवा सचोटीचा ठरत नाही. राखीव नावांचे तसे नाही. ‘डॉट गव्ह डॉट इन’ केवळ सरकारी कार्यालयांना मिळते, तर बनावट संकेतस्थळांवरून होणाऱ्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ फक्त बँकांसाठी राखून त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे स्थलांतर करण्यास सांगितले. ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचा पत्ता नेहमी उजवीकडून वाचावा. शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ नसून ‘बँक’ हा शब्द मध्येच कोठे आला असेल, तर त्याला काहीही अर्थ नाही.

मग साध्या व्यापाऱ्याला ‘डॉट इन’चा उपयोग काय? आमच्या मते, खरा उपयोग वादाच्या वेळी होतो. आपल्या व्यापारचिन्हाचे किंवा पेढीचे नाव दुसऱ्याने बळकावले, तर ‘डॉट कॉम’साठी जिनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेसारख्या परदेशी मंचाकडे दाद मागावी लागू शकते, ‘डॉट इन’चा वाद मात्र निक्सीने नेमलेल्या लवादापुढे, भारतीय कायद्यानुसार चालतो. शिवाय नाव घेणाऱ्याने मध्यस्थाच्या आड आपली ओळख लपवणे ‘डॉट इन’च्या नियमांत बसत नाही.

देवनागरीतील ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि मराठी व कोंकणी या दोन्ही भाषा त्यात पहिल्यापासून आहेत. दुकानाची पाटी मराठीत असेल, तर पत्ताही मराठीत असावा, ही इच्छा आम्हाला मनापासून पटते. तथापि, यंत्रणा हे नाव आतल्या आत रोमन अक्षरांत रूपांतरित करूनच वापरते, आणि अनेक ऑनलाइन अर्ज देवनागरी ईमेल आजही चुकीचा ठरवून परत पाठवतात. आणखी एक अडचण खास आपली आहे: ‘कीर्ती’ आणि ‘किर्ती’ हे संगणकाच्या दृष्टीने दोन स्वतंत्र पत्ते आहेत. शुद्धलेखनाचा वाद येथे पैशांत मोजावा लागतो, कारण ग्राहक ज्या चुकीने नाव लिहील, तेही कधी कधी विकत घ्यावे लागते. म्हणून ‘डॉट इन’ मुख्य ठेवावे, ईमेल त्यावरच चालवावा आणि ‘डॉट भारत’ त्याच संकेतस्थळाकडे वळवावे, असे आम्ही सुचवतो.

नोंदणी १ ते १० वर्षांसाठी होते. संकेतस्थळ करून देणाऱ्याने नाव स्वतःच्याच खात्यावर घेतले आणि पुढे त्याचा फोन लागेनासा झाला, अशी तक्रार घेऊन येणारे ग्राहक आम्हाला वरचेवर भेटतात. नावावर हक्क सांगायचा, तर नोंद आपल्या नावे, आपल्या ईमेल व मोबाइल क्रमांकासह असायला हवी. आमच्यामार्फत होणारी नोंदणी अशीच होते; त्यासाठी येताना ओळखपत्राची प्रत आणावी आणि नावाचे मराठी व रोमन लेखन कागदावर लिहून आणावे.