शेअर्ड लायब्ररीचा शोधक्रम

शेअर्ड लायब्ररीचा शोधक्रम : प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लागणाऱ्या शेअर्ड लायब्रऱ्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या तयार कोडच्या फाइली) ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या डिरेक्टरींत आणि कोणत्या क्रमाने शोधते, ते ठरवणारे नियम. प्रोग्रॅमच्या फाइलीत बहुधा लायब्ररीचे नुसते नाव असते, पत्ता नसतो. जुळणारी पहिली फाइल मिळाली की शोध थांबतो. त्यामुळे एकाच नावाच्या दोन प्रती संगणकावर असल्या की कोणती उचलली जाईल हे सर्वस्वी क्रमावर अवलंबून असते. पुढील विवेचन मुख्यतः लिनक्स आणि जीलिबसी (बहुतेक लिनक्स वितरणांतली मूळ सी लायब्ररी) यांना धरून आहे.

लोडर आणि नावे : कर्नल प्रोग्रॅमची एल्फ (लिनक्सवरच्या प्रोग्रॅम व लायब्रऱ्यांचा साचा) फाइल उघडतो, तिच्यात नोंदवलेला डायनॅमिक लोडर, म्हणजे लायब्रऱ्या शोधून जोडणारा प्रोग्रॅम, मेमरीत आणतो आणि पुढचे काम त्याच्यावर सोपवतो. ६४-बिट इंटेल-एएमडी संगणकांवर हा लोडर ‘/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२’ येथे असतो. त्याचा पत्ता पूर्ण लिहिलेला असल्याने तो स्वतः शोधावा लागत नाही. मात्र ती फाइलच नसेल, तर प्रोग्रॅम डोळ्यांसमोर असूनही शेल ‘अशी फाइल नाही’ असे सांगतो. जीलिबसीसाठी बांधलेला प्रोग्रॅम मसल ही दुसरी सी लायब्ररी वापरणाऱ्या वितरणावर चालवला की हमखास हेच होते.

लायब्ररीला तीन नावे असतात. झेडलिबचे उदाहरण घेतले, तर प्रत्यक्ष फाइल ‘लिबझेड.एसओ.१.३.१’, तिच्यात कोरलेले एसओ-नाव ‘लिबझेड.एसओ.१’, आणि बांधणीच्या वेळी लिंकरला (प्रोग्रॅमचे भाग जोडणाऱ्या साधनाला) लागणारी ‘लिबझेड.एसओ’ ही सिम्बॉलिक लिंक. प्रोग्रॅममध्ये उतरते ते एसओ-नाव, आणि लोडर शोधतो तेही तेच. बांधणीच्या वेळी लिंकरला डिरेक्टरी सांगणारा ‘-एल’ (मोठा एल) हा पर्याय लिंकरपुरताच असतो. तो दिला म्हणजे प्रोग्रॅम चालतानाही तीच डिरेक्टरी पाहिली जाईल, हा समज चुकीचा आहे.

क्रम : नावात तिरपी रेघ असेल तर ते नाव पत्ता मानले जाते आणि शोध होत नाही. त्याच एसओ-नावाची लायब्ररी त्या प्रोसेसमध्ये आधीच चढलेली असेल तर तीच वापरली जाते. नाहीतर लोडर प्रथम फाइलीतला आरपाथ (बांधताना कोरलेली डिरेक्टरींची यादी) पाहतो, मग ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग), मग रनपाथ (तशीच दुसरी कोरलेली यादी), त्यानंतर ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॅश’ ही आधीच गोळा केलेल्या पत्त्यांची फाइल आणि सरतेशेवटी ‘/लिब’, ‘/यूएसआर/लिब’ या ठरावीक डिरेक्टरी (काही ६४-बिट वितरणांत त्यांचे ‘लिब६४’ हे भाऊबंद). ‘एलडी_प्रीलोड’मध्ये दिलेल्या लायब्रऱ्या या सगळ्यांच्या आधी चढतात.

शोधताना लोडर फाइलीचा प्रकार तपासतो. ६४-बिट प्रोग्रॅमसाठी शोध चालू असताना त्याच नावाची ३२-बिट फाइल आडवी आली, तर ती ओलांडून तो पुढे जातो. आतला मजकूर जुना आहे की नवा, याच्याशी मात्र त्याला देणेघेणे नसते. एसओ-नाव तेच असलेली जुनी प्रत क्रमात आधी आली की शोध तिथेच संपतो, आणि पुढे ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ किंवा अपेक्षित आवृत्ती नसल्याची तक्रार येते. अशा वेळी ‘लायब्ररी तर आहे’ असे म्हणत बसण्यापेक्षा कोणती प्रत उचलली गेली ते पाहावे.

आरपाथ आणि रनपाथ : दोन्ही फाइलीच्या डायनॅमिक विभागात असतात, दोन्हींत डिरेक्टरींची यादी असते, आणि लिंकरला दोन्हींसाठी ‘-आरपाथ’ हाच पर्याय द्यावा लागतो. म्हणून बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. कोणती नोंद उमटेल हे ‘एनेबल-न्यू-डीटॅग्ज’ या पर्यायावर ठरते. तो चालू असला की रनपाथ. अनेक वितरणांत तो आपोआप चालू असतो.

फरक दोन. आरपाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या आधी येतो, म्हणजे बांधणाऱ्याचा शब्द चालवणाऱ्याला बदलता येत नाही. रनपाथ नंतर येतो. दुसरा फरक अधिक छळतो : आरपाथ खालच्या लायब्रऱ्यांनाही लागू होतो, रनपाथ फक्त त्याच फाइलीच्या थेट गरजांना. समजा ‘अ’ या प्रोग्रॅमला ‘ब’ लायब्ररी लागते, ‘ब’ला ‘क’ लागते, आणि दोन्ही एकाच डिरेक्टरीत आहेत. ‘अ’मध्ये त्या डिरेक्टरीचा आरपाथ असेल तर दोन्ही सापडतात. तोच रनपाथ असेल तर ‘ब’ सापडते आणि ‘क’वर गाडी अडते. ‘ब’मध्ये स्वतःचा रनपाथ असला, तर ‘क’ शोधताना लोडर ‘अ’च्या आरपाथकडे ढुंकूनही पाहत नाही. खात्रीचा उपाय : सोबत वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक लायब्ररीत तिचा स्वतःचा रनपाथ घालणे.

पूर्ण पत्त्याऐवजी ‘$ओरिजिन’ लिहिले की ती नोंद असलेली फाइल जिथे आहे ती डिरेक्टरी धरली जाते, आणि सगळा संच कुठेही हलवता येतो. पण डॉलरचे चिन्ह शेल गिळतो. शेलमध्ये ते एकेरी अवतरणात ठेवावे लागते, मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा लिहावा लागतो. बांधणीनंतर ‘रीडएल्फ -डी’ चालवून नोंद नीट उमटली का ते पाहावेच. तयार फाइलीतली नोंद ‘पॅचएल्फ’ने बदलता येते.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल : ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ चाचणीसाठी उत्तम, कायमच्या व्यवस्थेसाठी वाईट. ते त्या प्रोग्रॅमने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोसेसकडे वारशाने जाते, आणि मग एखाद्या पॅकेजसोबत आलेली जुनी ओपनएसएसएल सिस्टिमच्या भलत्याच कमांडच्या गळ्यात पडते. यादीतली रिकामी जागा म्हणजे चालू डिरेक्टरी. जुन्या किमतीपुढे नवा पत्ता जोडायची नेहमीची ओळ, जुनी किंमत रिकामी असताना, शेवटी एक मोकळा विसर्ग सोडून जाते आणि चालू डिरेक्टरी गुपचूप यादीत शिरते. लोडर हे व्हेरिएबल प्रोग्रॅम सुरू होतानाच वाचतो. चालू प्रोग्रॅमने ते स्वतःत बदलून नंतर ‘डीएलओपन’ केले (चालता चालता लायब्ररी चढवली) तर काहीच फरक पडत नाही.

सेटयूआयडी असलेल्या (फाइलीच्या मालकाच्या अधिकारांनी चालणाऱ्या) किंवा ‘सेटकॅप’ने खास अधिकार दिलेल्या प्रोग्रॅमसाठी लोडर हे व्हेरिएबल दुर्लक्षितो, तसे नसते तर कोणीही आपली लायब्ररी घुसवून रूटचे (प्रशासकाचे) अधिकार मिळवले असते. काल चालणारा सर्व्हर आज ‘सेटकॅप’ दिल्याबरोबर लायब्ररी सापडत नाही म्हणून बंद पडतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

कॅश : ‘एलडीकॉन्फिग’ ही कमांड ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ’ आणि तिच्यात समाविष्ट केलेल्या फाइली वाचते, त्यांतल्या आणि ठरावीक डिरेक्टरींतल्या लायब्रऱ्या गोळा करते, एसओ-नावाच्या लिंका तयार करते आणि कॅश लिहिते. स्रोतातून बांधलेली लायब्ररी ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये बसवल्यावर ही कमांड रूट म्हणून चालवायची राहिली, की ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ हा संदेश ठरलेला. ‘एलडीकॉन्फिग -पी’ने कॅशमध्ये काय आहे ते दिसते. जीलिबसी २.३३पासून प्रोसेसरच्या क्षमतेनुसार ‘जीलिबसी-एचडब्ल्यूकॅप्स’ या उपडिरेक्टरींतली प्रत आधी निवडली जाऊ शकते. दोन संगणकांवर वेगळी फाइल चढत असेल तर तिथेही नजर टाकावी.

मसलमध्ये अशी कॅश नाही आणि क्रमही वेगळा आहे : व्हेरिएबल आधी, मग आरपाथ व रनपाथ (दोन्ही सारखेच मानून, वरच्या फाइलींपर्यंत चढत), मग सिस्टिमची यादी.

तपास : ‘एलडी_डीबग=लिब्स’ लावून प्रोग्रॅम चालवला की लोडर कुठे कुठे गेला, तो पत्ता कुठून आला आणि शेवटी काय उचलले, हे ओळीने छापतो. अंदाज बांधण्यापेक्षा हे वाचणे केव्हाही लवकर होते. ‘एलडीडी’ अंतिम निकाल दाखवते, पण अनोळखी फाइलीवर ती चालवू नये, कारण काही परिस्थितींत ती फाइलच चालवली जाऊ शकते. तिथे ‘रीडएल्फ’ बरे.

विंडोज : इथे शेअर्ड लायब्ररीला डीएलएल म्हणतात. आधीच चढलेल्या आणि ‘नोनडीएलएल्स’ या सिस्टिमच्या यादीतल्या लायब्रऱ्या सोडल्या तर आधी प्रोग्रॅमची स्वतःची डिरेक्टरी, मग सिस्टिम३२, १६-बिट सिस्टिम डिरेक्टरी, विंडोजची डिरेक्टरी, चालू डिरेक्टरी आणि शेवटी ‘पाथ’ असा नेहमीच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमचा क्रम असतो. पूर्वी चालू डिरेक्टरी प्रोग्रॅमच्या डिरेक्टरीमागोमाग यायची. कागदपत्राशेजारी ठेवलेली खोटी डीएलएल त्यामुळे उचलली जाई. प्रोग्रॅमची डिरेक्टरी आजही पहिली असल्याने, डाउनलोडच्या फोल्डरमधून थेट चालवलेल्या इन्स्टॉलरला तो धोका उरतोच. डीएलएल न सापडल्यास ०एक्ससी००००१३५ ही त्रुटी येते. ०एक्ससी०००००७बी आली तर बहुधा ३२ आणि ६४ बिटांची सरमिसळ झालेली असते. सिस्टिम३२मध्ये ६४-बिट आणि सिसवाव६४मध्ये ३२-बिट फाइली असतात, नावे उलटी वाटली तरी.

मॅकओएस : इथे प्रोग्रॅममध्ये नुसते नाव नसून लायब्ररीने स्वतःबद्दल सांगितलेला पूर्ण पत्ता उतरतो. तो ‘@आरपाथ’ने सुरू होत असेल तर आरपाथच्या नोंदी एकेक करून जोडून पाहिल्या जातात, ‘@लोडर_पाथ’ हा ‘$ओरिजिन’चा समानार्थी. २०१५च्या एल कॅपिटनपासून सिस्टिमच्या संरक्षित प्रोग्रॅमसाठी ‘डीवायएलडी_’ने सुरू होणारी व्हेरिएबले काढून टाकली जातात. शेल हाही असाच प्रोग्रॅम असल्याने स्क्रिप्टमधून पाठवलेले व्हेरिएबल वाटेतच गळते. २०२०च्या बिग सरपासून सिस्टिमच्या बहुतेक लायब्रऱ्या डिस्कवर सुट्या फाइली म्हणून नसतात, एकत्रित कॅशमध्ये असतात. म्हणून ‘ओटूल -एल’ने दाखवलेला पत्ता फाइंडरमध्ये सापडला नाही तरी प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो.