‘भिऊ नको’ खरंच 365 वेळा आहे का?

“बायबलमध्ये ‘भिऊ नको’ 365 वेळा आहे, वर्षाच्या रोजच्या दिवसाला एक.” कोल्हापुरात घरगुती प्रार्थनासभेनंतर चहा घेताना हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय, मोबाईलवर तर त्याहून जास्त. ऐकायला गोड आहे, आजारी माणसाला धीर देताना मीही वापरलंय. (लीप वर्षाचं काय, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही!)

आकडा मात्र खरा नाही. पडताळणं सोपं आहे. मराठी बायबलच्या अ‍ॅपमध्ये ‘भिऊ नको’, ‘भिऊ नका’, ‘घाबरू नको’ असं वेगवेगळं शोधा आणि ओळी मोजा. भाषांतरागणिक संख्या बदलते, पण 365 च्या जवळपासही जात नाही.

आता सापडलेल्या ओळींचा संदर्भ वाचा, खरी गंमत तिथं आहे. बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या 41 व्या अध्यायात 10, 13 आणि 14 या ओळींत तीनदा हाच दिलासा येतो. उत्पत्ति 35:17 मध्ये (म्हणजे त्या पुस्तकाचा अध्याय 35, ओळ 17) कठीण बाळंतपणात अडकलेल्या राहेलीला सुईण तो देते. आणि शास्ते 4:18 पासून पुढे याएल नावाची बाई लढाईत हरून पळून आलेल्या सेनापती सीसराला “भिऊ नका” म्हणत तंबूत घेते, पांघरूण घालते, दूध पाजते. तो झोपल्यावर त्याच्या कानशिलात मेख ठोकते. ही ओळ रोजच्या दिलाशात कशी मोजायची?

आमच्या सभेतल्या एका मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला यशयातली एकच पुरते बाळा.”