जपानमधला प्लॉट: अटीचा की बिनअटीचा?

तोक्योच्या उपनगरांत, काशिवा किंवा कावागोएकडे प्लॉट बघताना जाहिरातीत एक बारीक ओळ दिसते: ‘केन्चिकु जोकेन त्सुकी’, म्हणजे बांधकामाची अट असलेली जमीन. ही अट नसेल तर तो ‘जोकेन नाशी’, बिनअटीचा. घर दोन्हीकडे नवंच बांधायचं असतं, पण ते कोण बांधणार हे पहिल्या प्रकारात आधीच ठरलेलं असतं.

अटीच्या जमिनीत आधी जमिनीचा करार होतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत, बहुधा 3 महिन्यांत, विक्रेत्याने नेमलेल्या बिल्डरशी बांधकामाचा वेगळा करार करायचा. तो जमला नाही तर जमिनीचा करार आपोआप रद्द होतो आणि ‘तेत्सुके’, म्हणजे बयाणा, पूर्ण परत मिळतो. खरी मेख इथेच आहे. काही विक्रेते दोन्ही करारांवर एकाच दिवशी सह्या मागतात, नकाशा नीट ठरलेला नसतानाही. सही झाली की अट पुरी झाली, मुदतीचं संरक्षण संपलं. मग माघार घेतली तर बयाणा जातो आणि बांधकाम करार मोडल्याचा खर्चही मागितला जातो. नकाशा, साहित्याची यादी आणि अंतिम किंमत हातात येईपर्यंत बांधकामाच्या करारावर सही करू नका, मुदत संपत आली तरी. अशा जमिनीचा भाव पुष्कळदा कमी दिसतो, कारण नफा बांधकामातून निघतो. तुलना करायची तर एकूण किमतीची करा.

बिनअटीच्या जमिनीत बिल्डर तुमचा, पण जुळवाजुळवही तुमचीच. गृहकर्ज घरासाठी असतं, म्हणून बँक जमिनीचे पैसे देतानाही घराचा नकाशा आणि अंदाजपत्रक मागते. प्लॉट घेऊन मग बिल्डर शोधायला निघालेले नेमके इथे अडकतात. कर्ज घर पूर्ण झाल्यावरच मिळणार असेल, तर जमिनीसाठी आणि कामाच्या टप्प्यांसाठी ‘त्सुनागी’ हे मधल्या काळाचं कर्ज लागतं, त्याचं व्याज वेगळं. दलालीही धरा: 2 कोटी येनच्या जमिनीवर कमाल 3 टक्के अधिक 60,000 येन, त्यावर 10 टक्के कर, म्हणजे 7,26,000 येन. जमीन मालकाकडून थेट घेतली तर दलाली नाही. अटीच्या जमिनीत असं बरेचदा होतं.

प्लॉटची तपासणी दोन्हीकडे सारखीच. प्लॉट रस्त्याला किमान 2 मीटर भिडलेला हवा. रस्ता 4 मीटरहून अरुंद असेल तर सहसा मध्यरेषेपासून 2 मीटर जागा सोडावी लागते. 3 मीटरच्या रस्त्यावर 10 मीटर दर्शनी बाजू असलेल्या 132 चौरस मीटरच्या (40 त्सुबो) प्लॉटमधून 5 चौरस मीटर जातात. ‘केन्पेइ’, म्हणजे प्लॉटच्या किती भागावर घर उभं करता येतं ते प्रमाण, 50 टक्के असेल तर घराचा पाया 66 नव्हे, 63.5 चौरस मीटरचा. फारच स्वस्त जमीन दिसली तर ती ‘चोसेइ कुइकी’त, म्हणजे शहराची वाढ रोखलेल्या भागात, नाही ना, हे पाहा, तिथे घर बांधायला सहसा परवानगीच मिळत नाही. पाण्याची जुनी जोडणी 13 मिलिमीटरची असेल तर ती 20 ची करायला रस्ता खणावा लागू शकतो. मातीची चाचणी बहुतेकदा जमीन घेतल्यावरच होते, म्हणून माती मजबूत करण्याचा खर्च बिल्डरच्या अंदाजपत्रकात धरला आहे का, हे सहीपूर्वी लेखी विचारून घ्या.