बाटली गेली, सोल्युशन राहिलं : हुंगण्याच्या नशेवरील बंदीची पार्श्वभूमी

केंद्राने २०१२ मध्ये अधिसूचना काढून बाटलीतल्या व्हाइटनर-थिनरची किरकोळ विक्री बंद केली. पेनच्या रूपातल्या व्हाइटनरला मात्र मुभा राहिली, कारण पेनातून एका वेळी थोडंच द्रव निघतं. व्हाइटनरच्या जोडीला थिनरची वेगळी कुपी मिळायची आणि नशेसाठी रुमालावर ओतून हुंगायला मुलांना तीच हवी असायची. तेवढ्यापुरता निर्णय योग्यच होता.

वाद आहे तो पुढचा. बंदी आली ती वस्तूवर. विद्रावक, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारं आणि हुंगलं की नशा आणणारं रसायन, मोकळाच राहिला. पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन, चपला चिकटवायचा गोंद, रंगकामाचं थिनर यांत बहुतेकदा टोल्युइन हा विद्रावकच असतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत ते नाही, आणि रंग-शाईच्या धंद्याचा तो कच्चा माल असल्यामुळे येणंही कठीण. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ मुलाला दारू, तंबाखू, अमली किंवा मनोप्रभावी पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा सांगतं. सोल्युशनची ट्यूब यांपैकी कशात बसवायची? कलमाच्या शब्दांत याचं उत्तर नाही. इंग्लंडने १९८५ मध्ये वस्तूंची यादी करण्याच्या फंदात न पडता दुसरी वाट धरली : समोरचा अठराच्या आतला आहे आणि नशेसाठी हुंगणार आहे हे कळत असूनही, किंवा कळायला सबळ कारण असूनही, विकणं हाच गुन्हा. ती वाट आपल्याकडेही घेता आली असती असं मला वाटतं.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा निघाला, ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त होतं : दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. मदतीची गरज असलेल्या मुलांचा देशभरातला अंदाज ४.६ लाखांचा होता आणि अशी मुलं जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता.

टोल्युइन चरबीत विरघळतं, आणि मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण चरबीचंच. हुंगणाऱ्याच्या लहान मेंदूला (तोल सांभाळणाऱ्या भागाला) इजा झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात १९६१ पासून आहे. एमआरआय आल्यावर, ऐंशीच्या दशकात, मेंदूतला पांढरा भाग खराब झालेला प्रत्यक्ष दिसू लागला. चाल लटपटते, हात थरथरतात, नजर व ऐकू येणं मंदावतं, विचार संथ होतो. असं मूल ‘नशेत आहे’ म्हणून हाकललं जातं. त्या वेळी ते नशेत नसतंही.

गोंदात वापरला जाणारा दुसरा विद्रावक म्हणजे हेक्झेन; त्याचा मार वेगळा. जपानमध्ये साठच्या दशकात सँडल बनवणाऱ्या कामगारांचे पाय लुळे पडले, तेव्हा गोंदातलं हेक्झेन सापडलं. पश्चिम बर्लिनमधली पोरं हेक्झेन असलेलं गोंदाचं थिनर वर्षानुवर्षं हुंगत होती. १९७५ मध्ये त्या थिनरमध्ये मिथाइल इथाइल कीटोन हा आणखी एक विद्रावक मिसळला गेला आणि काही महिन्यांतच अठरा तरुणांना मज्जातंतूंचा लुळेपणा आला. नवं रसायन हेक्झेनचा विषारीपणा वाढवत होतं. अशा रुग्णांत हुंगणं थांबल्यावरही अशक्तपणा काही आठवडे वाढतच जातो. डब्यावरचं नाव तेच राहिलं तरी आतली मिसळ बदलली की इजा बदलते. आपल्या अधिसूचनेने बाटली आणि पेन यांत फरक केला. ट्यूबमधल्या सोल्युशनला हात लावला नाही.