वसई धर्मप्रांत

वसई धर्मप्रांत हा महाराष्ट्रातील एक कॅथलिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अधिकाराखालील चर्चचा विभाग. मुंबई महाधर्मप्रांताचा उत्तरेकडील भाग वेगळा करून १९९८ मध्ये त्याची स्थापना झाली. वसईच्या किनारपट्टीपासून तलासरी-डहाणूपर्यंतचा, आज पालघर जिल्ह्यात मोडणारा प्रदेश त्यात येतो. मुख्य चर्च पापडी येथे आहे.

धर्मप्रांत अलीकडचा असला, तरी इथला ख्रिस्ती समाज सुमारे पावणेपाचशे वर्षांचा आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मिशनऱ्यांचे काम वाढले. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाले; १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. ते भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. किल्ल्यातील चर्च पुढे ओस पडली, पण गावोगावचा ख्रिस्ती समाज टिकला. पोर्तुगीज सत्ता गेल्यावरही आपली श्रद्धा जपणाऱ्या या शेतकरी-कोळी कुटुंबांकडे इतिहासलेखनाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. १८८६ नंतर काही दशके इथली गावोगावची चर्च दमण धर्मप्रांतात होती. १९२८ मध्ये तो बंद झाला आणि ती मुंबईकडे आली.

या समाजात सामवेदी (कुपारी), वाडवळ, कोळी असे गट आहेत. घरात कादोडीसारख्या बोली आणि चर्चमध्ये मराठी, अशी इथली रीत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक बिशपांची जागतिक परिषद, १९६२-६५) लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली आणि मराठीत मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) होऊ लागला. पहिले बिशप थॉमस डाबरे हे भुईगावचे. संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. एका बिशपाने आपल्या अभ्यासासाठी तुकोबांची गाथा निवडावी, यात या धर्मप्रांताचा स्वभाव दिसतो. डाबरे २००९ मध्ये पुण्याला गेले. त्यांच्यानंतर आर्चबिशप फेलिक्स मच्याडो आणि २०२४ पासून बिशप थॉमस डिसोजा यांच्याकडे धुरा आली.

प्रत्येक धर्मग्रामात (एका चर्चच्या परिसरात) चर्चला लागून शाळा, ही इथल्या शिक्षणाची जुनी घडी. सांडोर येथील कार्डिनल ग्रेशस रुग्णालयाचा लाभ सर्वधर्मीय रुग्ण घेतात. सावकारीच्या विळख्यातून शेतकऱ्यांना सोडवण्यासाठी १९१८ मध्ये उभी राहिलेली पतसंस्था आज बॅसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून ओळखली जाते. ती धर्मप्रांताच्या ताब्यातील संस्था नव्हे, पण तिची मुळे याच समाजात आहेत. तलासरी परिसरात जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू आणि धर्मभगिनी वारली मुलांसाठी शाळा व वसतिगृहे चालवतात. डोंगरपट्ट्यातले हे काम बागायती वसईतल्या कामापेक्षा कितीतरी खडतर आहे.

सामाजिक कार्यातला सर्वांत ठळक अध्याय पाण्याचा आणि जमिनीचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शहरीकरणाचा लोंढा वसईवर आला. बागायतीच्या जमिनी बिल्डरांकडे जाऊ लागल्या, विहिरींचे गोडे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले. केळी, पानवेली आणि फुलशेतीवर जगणाऱ्या गावांसाठी या उपशामुळे विहिरींत खारे पाणी शिरणे म्हणजे उपजीविकाच जाणे होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने मोर्चे काढले. त्यांत ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी बरोबरीने उतरले. दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. हे मासिक त्यांनी धर्मोपदेशापलीकडे नेऊन पर्यावरण आणि मराठी साहित्याच्या चर्चेसाठी खुले केले. बायबलच्या त्यांच्या मराठी अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.