क्लच सेफ्टी स्विच (जुन्या मोटारींतील)

मॅन्युअल गिअरच्या मोटारीत क्लचचे पेडल दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये, यासाठी पेडलजवळ बसवलेला विद्युत स्विच. गाडी गिअरमध्ये असताना चावी फिरवली, तर स्टार्टर मोटर इंजिनाबरोबर चाकेही फिरवते आणि गाडी उडी घेते. समोर माणूस उभा असेल तर हे जिवावर बेतू शकते. अमेरिकेत ऑटोमॅटिक गाड्यांना गिअरमध्ये असताना सेल्फ लागू न देणारी सोय १९६८ पासून सक्तीची झाली. मॅन्युअल गाड्यांत ती उत्पादकांनी आपणहून दिली. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीत हा स्विच नव्हता, म्हणून सेल्फ मारण्याआधी गिअरचा दांडा हलवून न्यूट्रल पाहायची सवय जुन्या ड्रायव्हरांच्या हाताला असे.

सत्तरच्या दशकातील शेव्हरले कॅमेरोसारख्या गाडीत याची रचना सरळ आहे. चावी ‘स्टार्ट’वर नेली की करंट जांभळ्या वायरने क्लच स्विचपर्यंत येतो, पेडल दाबले असेल तर पुढे जातो आणि स्टार्टरवरच्या सोलेनॉइडच्या (स्टार्टर चालू करणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) ‘एस’ टोकाला पोचतो. सोलेनॉइड ओढायला बऱ्यापैकी करंट लागतो. तो सगळा या छोट्या स्विचच्या कॉन्टॅक्टमधून जात असल्याने वर्षानुवर्षांत कॉन्टॅक्ट काळे पडतात, कनेक्टरचे प्लास्टिक तपकिरी होते, कधी वितळतेही. डॅशबोर्डखाली आडवे होऊन टॉर्च मारला, तर निम्मे निदान तिथेच होते.

चावी फिरवल्यावर पूर्ण शांतता आणि हेडलाइट मात्र लख्ख, हे या बिघाडाचे नेहमीचे लक्षण. ‘टक्’ असा आवाज आला, तर करंट सोलेनॉइडपर्यंत पोचला आहे. मग आधी बॅटरी, तिची टोके आणि अर्थिंग (गाडीच्या सांगाड्याशी असलेली विजेची जोडणी) तपासावे. पेडल जोरात आपटल्यावरच सेल्फ लागत असेल, तर दोष बहुधा स्विचच्या आत नसतो. पेडलचे बुश (सांध्यातील कड्या) झिजलेले असतात, स्विच जागेवरून सरकलेला असतो किंवा पायाखालचा जाड मॅट पेडलला पूर्ण खाली जाऊ देत नाही.

तपासणीआधी गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना उटी (दगड किंवा ठोकळे) लावावी. मग मदतनिसाने पेडल दाबून चावी ‘स्टार्ट’वर धरायची आणि टेस्ट लॅम्प (करंट असला की पेटणारा तपासणीचा दिवा) स्विचच्या दोन्ही वायरींना आळीपाळीने लावायचा. येणाऱ्या वायरीलाच करंट नसेल, तर दोष इग्निशन स्विचकडे. येणाऱ्या वायरीला आहे, जाणाऱ्या वायरीला नाही, तर क्लच स्विच किंवा त्याची जुळवणी. दोन्हीकडे दिवा पेटतो आणि तरीही सेल्फ आळशी, अशा वेळी मल्टीमीटर हवा: सेल्फ मारताना स्विचच्या दोन टोकांमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर कॉन्टॅक्ट संपले आहेत. टेस्ट लॅम्प हे दाखवत नाही. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) असलेल्या गाड्यांत पेडलवर आणखी एक स्विच असतो. घाईत तोच बदलला जातो.

१९७४ च्या मॉडेलच्या अमेरिकी गाड्यांत एक वेगळाच घोळ होतो. त्या वर्षी सीटबेल्ट लावल्याशिवाय इंजिन सुरू न होण्याची यंत्रणा बसवली गेली. लोकांचा रोष इतका झाला की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा करून ती सक्ती काढली. पण गाड्यांत ती यंत्रणा राहिली आणि तिचा दोष आजही क्लच स्विचच्या माथी मारला जातो.

दोन वायरी जोडून स्विच ‘डायरेक्ट’ करणे ही चाचणी आहे, दुरुस्ती नव्हे. अशी गाडी विकताना खरेदीदाराला ते सांगितले जात नाही आणि पहिली उडी त्याच्या अंगणात बसते. टोयोटाने फोररनरसारख्या काही गाड्यांत खडकाळ चढावर उपयोगी पडावे म्हणून हा स्विच तात्पुरता बाजूला ठेवणारे बटण दिले होते; पण ते चालकाने जाणून दाबायचे असते.

नवा स्विच बसवल्यावर न्यूट्रलमध्येच दोन गोष्टी पाहाव्यात. पेडल मोकळे असताना सेल्फ अजिबात लागू नये आणि पेडल तळाला टेकण्याच्या थोडे आधी लागावा.